इन्फ्लुएंझा विषाणूची रचना व त्याचा पेशीतील प्रवेश

कोणत्याही विषाणूपुढे दोन परस्परविरोधी गरजा असतात. एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाईपर्यंत त्याचे जनुकद्रव्य बंदिस्त व सुरक्षित राहिले पाहिजे. आणि दुसऱ्या पेशीत पोहोचताच तेच जनुकद्रव्य मोकळे झाले पाहिजे. वेष्टन दुबळे असेल तर विषाणू वाटेतच नष्ट होईल. ते फार बळकट असेल तर पेशीत शिरूनही तो निष्फळ ठरेल. त्याचप्रमाणे पेशीला घट्ट चिकटल्याखेरीज आत प्रवेश नाही. परंतु ती पकड पुढे सुटली नाही तर नवी संतती जन्मस्थानीच अडकून पडेल. इन्फ्लुएंझाच्या विषाणूत हे दोन पेच कसे सुटले आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उत्तर थोडक्यात असे सांगता येईल की, हा विषाणू आपली कुलुपे बहुतांशी स्वतः उघडीत नाही; त्यांच्या किल्ल्या यजमान पेशीकडे असतात. कोणत्या प्राण्याला, कोणत्या अवयवात व किती तीव्रतेने रोग व्हावा, हे बऱ्याच अंशी ह्या किल्ल्या कोठे उपलब्ध आहेत त्यावरून ठरते. पुढील विवेचन मुख्यतः ए प्रकारच्या विषाणूस उद्देशून आहे. कारण जागतिक साथी ह्याच प्रकाराने घडवून आणल्या आहेत.

पूर्वपीठिका

इ. स. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ सुरू झाली व त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ती भयंकर स्वरूपात परतली. त्या साथीत हिंदुस्थानात किमान १ कोटी २० लाख माणसे मरण पावली असावीत. काही अंदाज ह्याहूनही बरेच मोठे आहेत. त्या वेळी रोगाचे खरे कारण कोणासही ठाऊक नव्हते. फायफर ह्यांनी वर्णन केलेला एक जीवाणू हेच कारण होय, असे पुष्कळांचे मत होते. पुढे १९३१ साली शोप ह्यांनी डुकरांतील इन्फ्लुएंझाचा विषाणू आणि १९३३ साली लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ ह्यांनी फेरेट ह्या प्राण्याच्या साहाय्याने मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला, तेव्हा हा वाद मिटला.

रचनेच्या ज्ञानाचा पाया मात्र १९४१ मधील एका साध्या निरीक्षणाने घातला गेला. विषाणूची वाढ केलेल्या कोंबडीच्या अंड्यातील द्रव गोळा करीत असता, फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून आलेल्या तांबड्या पेशींचे पुंजके बनतात, असे जॉर्ज हर्स्ट ह्यांच्या ध्यानात आले. एकेक विषाणू दोन-दोन पेशींना जोडणारा दुवा होत होता. ह्याहून अधिक उद्बोधक गोष्ट पुढेच होती. मिश्रण ३७ अंश सेल्सियस तपमानात काही तास ठेवले असता पुंजके आपोआप सुटत. सुटलेला विषाणू ताज्या रक्तपेशींचे पुंजके पुन्हा बनवू शके. परंतु एकदा पकडून सोडलेल्या पेशी त्याच विषाणूच्या उपयोगाच्या राहत नसत. म्हणजे बदल विषाणूत न होता पेशीत झाला होता. विषाणूने ज्या ग्राहीला पकडले तोच त्याने पुढे तोडून टाकला, असा निष्कर्ष ह्यातून निघाला. १९५० नंतरच्या दशकात गॉटशाल्क प्रभृतींच्या कार्यामुळे हा तुटणारा अंश म्हणजे सियालिक आम्ल होय, हे निश्चित झाले. पकडणारे प्रथिन ते हीमॅग्लुटिनिन आणि तोडणारे एंझाइम ते न्यूरामिनिडेज. एच१एन१, एच३एन२ ही आज सर्वतोमुखी झालेली नावे ह्या दोन प्रथिनांच्या उपप्रकारांवरूनच पडली आहेत.

कणाची घडण

गोलाकार कणाचा व्यास साधारणपणे ८० ते १२० नॅनोमीटर असतो. रुग्णाच्या शरीरातून नुकत्याच मिळविलेल्या विषाणूंत काही सूक्ष्ममीटर लांबीचे तंतुरूप कणही आढळतात. सर्वांत बाहेर स्निग्ध पदार्थांचे दुहेरी पटल असते. ते विषाणूने स्वतः बनविलेले नसून ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्याच पटलाचा तो तुकडा होय. ह्या पटलातून काट्यांप्रमाणे बाहेर आलेली प्रथिने दिसतात. त्यांपैकी सुमारे ३०० ते ४०० काटे हीमॅग्लुटिनिनचे असतात. न्यूरामिनिडेजचे त्या मानाने बरेच कमी असतात. एम२ नावाच्या तिसऱ्या प्रथिनाचे मोजकेच रेणू पटलात आरपार बसविलेले असून त्यांच्यामुळे हायड्रोजनच्या आयनांना आत शिरण्याची वाट मिळते. पटलाच्या आतील बाजूस एम१ ह्या प्रथिनाचा थर असतो व तो कणाला आकार देतो.

एम१ च्या थराच्या आत जनुकद्रव्य असते. ते एकसंध नसून आर.एन.ए.च्या आठ निरनिराळ्या खंडांत विभागलेले आहे. आठांची एकत्रित लांबी सुमारे १३,५०० न्यूक्लिओटाइड आहे. प्रत्येक खंड न्यूक्लिओप्रथिनाच्या रेणूंवर गुंडाळलेला असून त्याची पीळदार कांडी बनलेली असते आणि कांडीच्या एका टोकास पीबी१, पीबी२ व पीए ह्या तीन घटकांचे पॉलिमरेज एंझाइम बसलेले असते. कणाचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिला असता मध्ये एक कांडी व तिच्याभोवती सात, अशी नेटकी मांडणी दिसते. आठही खंड एकाच कणात येणे अवश्य आहे. कारण एखादा खंड नसला तर संसर्गाचे संपूर्ण चक्र पुरे होऊ शकत नाही.

पहिली किल्ली : सियालिक आम्ल

हीमॅग्लुटिनिनचे तीन समान रेणू मिळून एक काटा बनतो. त्याची रचना विल्सन, स्केहेल व वायली ह्यांनी १९८१ साली क्ष-किरण विवर्तनाच्या पद्धतीने उलगडली. पटलापासून सुमारे १३.५ नॅनोमीटर उंच असलेल्या ह्या काट्याला बारीक देठ व वर फुगीर शीर्ष असते. शीर्षाच्या टोकाजवळ एक उथळ खाच असून तीत सियालिक आम्ल बसते. एका खाचेची पकड अगदी दुर्बळ असते. परंतु अनेक काटे एकाच वेळी पकड घेत असल्यामुळे एकूण बंध बळकट होतो. प्रत्येक पकड सहज सुटणारी आणि सर्वांची मिळून घट्ट, अशी ही योजना आहे.

सियालिक आम्ल पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळीच्या टोकाला असते. शेजारच्या गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला ते जोडलेले आहे की सहाव्या, एवढ्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून असते. पाणपक्ष्यांच्या आतड्यात पहिल्या प्रकारची जोडणी विपुल असते. मनुष्याच्या नाकातील व श्वासनलिकेतील पेशींवर दुसऱ्या प्रकारची. मनुष्याच्या फुप्फुसाच्या खोल भागात पहिला प्रकारही आढळतो. पक्ष्यांचा विषाणू मनुष्यास क्वचितच बाधतो, बाधल्यास मात्र फुप्फुसाचा गंभीर दाह होऊ शकतो आणि तरीही एका माणसापासून दुसऱ्यास तो सहजी लागत नाही, ह्या तिन्ही गोष्टींचा काही प्रमाणात उलगडा ह्यामुळे होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत एच५एन१ विषाणूची साथ उद्भवली. भारतातील ती पहिलीच साथ होती. पक्ष्यांची मोठी हानी झाली. परंतु तेथे मनुष्यास बाधा झाल्याचे एकही उदाहरण सिद्ध झाले नाही.

हे अंतर मोठे नाही, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. १९१८ च्या विषाणूच्या हीमॅग्लुटिनिनमध्ये खाचेजवळील अवघ्या दोन अमिनो आम्लांत बदल केला असता त्याची मानवी ग्राहीवरील पकड नाहीशी होऊन ती पक्ष्यांच्या ग्राहीकडे वळते. अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच५एन१ पसरल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. ह्या विषाणूच्या हीमॅग्लुटिनिनमध्ये २२६ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदलले तरी त्याची पसंती मानवी ग्राहीकडे वळू शकते, असे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दुसरी किल्ली : छेद

पेशीला चिकटलेला विषाणू आत ओढला जातो, पण त्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडून आलेली असावी लागते. हीमॅग्लुटिनिन प्रथम एकाच अखंड साखळीच्या रूपात तयार होते आणि ह्या रूपात ते पकड घेऊ शकत असले तरी पेशीत प्रवेश करवून देऊ शकत नाही. साखळीचे दोन तुकडे व्हावे लागतात व हा छेद यजमानाचे प्रथिनभंजक एंझाइम करते. पेशीसंवर्धनात इन्फ्लुएंझा विषाणू वाढविताना माध्यमात ट्रिप्सिन घालण्याची प्रथा आहे, तिचे कारण हेच होय. अंड्यातील द्रवात असे एंझाइम आधीच असते. म्हणून तेथे ते घालावे लागत नाही.

बहुतेक विषाणूंच्या छेदस्थानी आर्जिनिन हे एकच आम्लारिधर्मी अमिनो आम्ल असते. ते ओळखणारी एंझाइमे मनुष्याच्या श्वसनमार्गात व पक्ष्यांच्या श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. त्यामुळे संसर्ग तेवढ्याच भागापुरता मर्यादित राहतो. श्वसनमार्गातील असे एक एंझाइम बनविणारे जनुक नाहीसे केलेल्या उंदरांना एच१एन१ विषाणूचा गंभीर आजार होत नाही, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. ह्याउलट एच५ व एच७ उपप्रकारांच्या काही विषाणूंत छेदस्थानी आर्जिनिन व लायसिन ह्यांची रांगच असते. ती फ्यूरिन ह्या एंझाइमाने तोडली जाते व फ्यूरिन तर जवळजवळ सर्वच पेशींत असते. परिणामी कोंबडीच्या सर्व अवयवांत विषाणू पसरतो आणि खुराडेच्या खुराडे एक-दोन दिवसांत ओस पडते. छेदस्थानी मिळालेल्या काही अमिनो आम्लांनी एका सौम्य रोगाचे रूपांतर अशा संहारात होते.

तिसरी किल्ली : आम्लता

छेद झालेले हीमॅग्लुटिनिन हे ताणून अडकवून ठेवलेल्या कमानीसारखे असते. बाहेरून ते स्थिर दिसते. परंतु त्याची ही अवस्था सर्वांत कमी ऊर्जेची नसते. देठाच्या आतील पोकळीत सुमारे वीस अमिनो आम्लांचा एक जलद्वेषी तुकडा दडवून ठेवलेला असतो. विषाणू ज्या पिशवीतून पेशीच्या आत ओढला जातो तिला एंडोसोम म्हणतात. पेशी ही पिशवी नेहमीच्या क्रमानेच आम्लधर्मी करीत जाते. आत आलेल्या पदार्थांचे पचन करण्याची ती तिची पूर्वतयारी असते. पीएच मूल्य ५ ते ५.५ च्या सुमारास आले की हीमॅग्लुटिनिनची शीर्षे परस्परांपासून दूर होतात, देठातील एक वेटोळे ताठ होऊन लांब सर्पिल बनते आणि दडलेला तुकडा सुमारे १० नॅनोमीटर वर फेकला जाऊन एंडोसोमच्या पटलात रुततो. त्यानंतर संपूर्ण रेणू मध्यात दुमडतो व दोन्ही पटले एकमेकांकडे ओढली जाऊन एकजीव होतात. ही कमान ताणलेल्या स्प्रिंगसारखी असावी असे भाकीत कार व किम ह्यांनी १९९३ मध्ये केले. १९९४ मध्ये आम्लधर्मी अवस्थेतील रेणूची रचना हाती आली, तेव्हा ते खरे ठरले.

ही क्रिया एकदाच घडू शकते. कमान सुटली की पुन्हा ताणता येत नाही. म्हणून पेशीबाहेर असतानाच विषाणू आम्लात ठेवला तर कमानी व्यर्थ सुटतात आणि त्याची संसर्गक्षमता कायमची नष्ट होते. प्रारंभी उल्लेखिलेला स्थैर्य व विघटन ह्यांचा पेच येथे मोजता येण्याजोग्या रूपात समोर येतो. मानवी विषाणूंची कमान साधारणतः अधिक आम्लतेलाच सुटते. पक्ष्यांच्या एच५ विषाणूंची त्या मानाने लवकर सुटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वादग्रस्त संशोधनांत एच५ हीमॅग्लुटिनिन असलेल्या विषाणूंना फेरेटांमध्ये हवेवाटे पसरण्याची क्षमता आली होती. त्या विषाणूंत ग्राहीची पसंती बदलणारे फरक तर होतेच. परंतु हीमॅग्लुटिनिनला अधिक स्थैर्य देणारा फरकही होता. चिकटण्याची योग्यता आली तरी वाट चालण्याचे बळ नसेल तर ती पुरत नाही, असा ह्याचा अर्थ.

पटले जुळली तरी एक काम उरतेच. जनुकखंडांच्या कांड्या एम१ च्या थराशी बांधलेल्या असतात. एंडोसोममधील हायड्रोजन आयन एम२ च्या मार्गातून विषाणूच्या आत शिरतात व त्या आम्लतेने एम१ ची पकड ढिली होते. अशा रीतीने बाहेरची कमान व आतली बंधने ही दोन्ही एकाच संकेताने सुटतात. अमँटाडीन हे जुने औषध एम२ चा हा मार्ग बुजवीत असे. परंतु एम२ मधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने विषाणूने त्यावर मात केली. आज मनुष्यात फिरणाऱ्या ए प्रकारच्या जवळजवळ सर्व विषाणूंवर ते निरुपयोगी ठरले आहे.

केंद्रकातील उसनवारी

आर.एन.ए. जनुकद्रव्य असलेले बहुतेक विषाणू पेशीद्रव्यातच वाढतात. इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र केंद्रकात जातो. ह्याचे कारण त्याच्या एका उणिवेत आहे. पेशीच्या रायबोसोमांनी संदेशवाहक आर.एन.ए. वाचावा ह्यासाठी त्याच्या आरंभी एक विशिष्ट रासायनिक टोपी असावी लागते. विषाणूला ती बनविता येत नाही. म्हणून पॉलिमरेजचा पीबी२ हा घटक पेशीच्या नुकत्याच तयार होत असलेल्या संदेशाची टोपी पकडतो, पीए हा घटक त्याचा सुमारे १० ते १३ न्यूक्लिओटाइड लांबीचा तुकडा टोपीसकट तोडतो आणि पीबी१ त्या तुकड्यापुढे विषाणूचा संदेश जोडीत जातो. पेशीचे संदेश केंद्रकात जन्मतात. तेव्हा टोप्यांची ही लूटही तेथेच करणे प्राप्त होते. २०१८ मध्ये जपान व अमेरिका येथे मान्यता मिळालेले बॅलॉक्सव्हिर हे औषध पीए च्या ह्याच कात्रीवर कार्य करते.

येथेही यजमानाचे साहाय्य लागते. एएनपी३२ ह्या गटातील पेशीप्रथिनांवाचून पॉलिमरेजचे कार्य नीट चालत नाही. पक्ष्यांतील व मनुष्यातील ही प्रथिने किंचित भिन्न आहेत आणि पीबी२ च्या ६२७ व्या स्थानावरील एका बदलाने विषाणू मानवी प्रथिनाशी जुळवून घेतो, असे २०१६ पासून स्पष्ट झाले आहे.

सुटका

नवे कण श्वसनमार्गाच्या पोकळीकडील पेशीपटलातून अंकुरांप्रमाणे बाहेर येतात. ह्या पटलावर सियालिक आम्ल असतेच. तेव्हा नवजात कण बाहेर पडताच पेशीला व परस्परांनाही चिकटून बसतील. येथे न्यूरामिनिडेजचे प्रयोजन कळते. त्याचे कार्य सदोष असलेल्या उत्परिवर्तित विषाणूंचे कण पेशीच्या पृष्ठभागावर ढिगांनी साचलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. श्वसनमार्गातील श्लेष्म्यातही सियालिक आम्ल भरपूर असून तो विषाणूला फसवी ग्राहीस्थाने पुरवितो. त्या जाळ्यातून वाट काढण्याचे कामही ह्याच एंझाइमाचे आहे. अर्थात पकड व छेद ह्यांचा तोल राखला गेला पाहिजे. न्यूरामिनिडेज अतिप्रबळ झाले तर विषाणू पेशीत शिरण्यापूर्वीच सुटून जाईल. न्यूरामिनिडेजची रचना १९८३ साली व्हर्गीस, लेव्हर व कोलमन ह्यांनी प्रसिद्ध केली. तिच्या आधारे झॅनामिव्हिर हे औषध योजण्यात आले. ते व ओसेल्टामिव्हिर ही दोन्ही औषधे १९९९ पासून वापरात आली.

परिवर्तनाचे दोन मार्ग

विषाणूच्या पॉलिमरेजला आपल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक नव्या जनुकसंचात एखाददुसरी चूक राहून जाते आणि हीमॅग्लुटिनिनच्या शीर्षाचे स्वरूप वर्षानुवर्षे हळूहळू पालटते. ग्राहीची खाच मात्र फारशी पालटत नाही, कारण ती पालटली तर पकडच जाईल. खाच लहान आहे आणि प्रतिपिंड तिच्या कडांवरही टेकतो. त्या कडा बदलल्या की प्रतिपिंड निसटतो व खाच शाबूत राहते. लस वारंवार बदलावी लागते ती ह्यामुळेच. शीर्षापेक्षा देठ कमी बदलतो. म्हणून देठाविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या लसींचा शोध सध्या अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

दुसरा मार्ग आठ खंडांच्या रचनेतून उद्भवतो. दोन भिन्न विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या खंडांची अदलाबदल होऊ शकते. १९५७ च्या साथीतील विषाणूने हीमॅग्लुटिनिन, न्यूरामिनिडेज व पीबी१ हे तीन खंड, तर १९६८ च्या विषाणूने हीमॅग्लुटिनिन व पीबी१ हे दोन खंड पक्ष्यांच्या विषाणूंकडून घेतले होते. २००९ चा एच१एन१ विषाणू डुकरांतील विषाणूंच्या अशाच पुनर्जुळणीतून निघाला. त्या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यास झाला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, सियालिक आम्ल, प्रथिनभंजक एंझाइम, एंडोसोमची आम्लता व संदेशांच्या टोप्या ह्या सर्व पेशीच्या नित्य जीवनातील गोष्टी आहेत. विषाणूच्या प्रत्येक भागाची घडण ह्यांपैकी एकेकीची वाट पाहत थांबण्यासाठी झाली आहे. ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, औषधयोजनेची बहुतेक स्थाने विषाणू व पेशी ह्यांच्या ह्या संधिस्थानांवरच सापडली आहेत आणि पुढेही तेथेच सापडण्याचा संभव अधिक आहे. दुसरा असा की, नव्या साथीचा धोका एका लक्षणावरून मोजता येत नाही. ग्राहीची पसंती, छेदस्थान, कमान सुटण्याची आम्लता आणि पॉलिमरेजचे यजमानाशी असलेले जुळते, ह्या चारही बाजू एकत्र तपासाव्या लागतात. कोंबड्यांत किंवा गाईंत आढळलेल्या एखाद्या विषाणूत ह्यांपैकी कोणती पावले पडली आहेत व कोणती पडावयाची आहेत, हे आज काही दिवसांत सांगता येते. १९१८ साली मुंबईच्या आरोग्याधिकाऱ्यांजवळ रोगाचे कारणही नव्हते. ह्या दोन स्थितींमधील अंतर पाहिले म्हणजे रचनेच्या अभ्यासाचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु हे अंतर उपयोगी पडावयाचे तर पशुपक्ष्यांतील विषाणूंचे नमुने नियमितपणे प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले पाहिजेत. जो विषाणू तपासलाच गेला नाही त्याच्याविषयी सर्व ज्ञान असूनही आपण १९१८ च्याच स्थितीत असू.